लग्नातलं उरलेलं जेवण की कोरडं धान्य: मदत नेमकी कुठे द्यायची?

माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. मामांचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे आणि त्याला पंगत घालायची नाहीये, तेवढे पैसे कुणाच्या तरी पोटात जावेत असं त्याचं म्हणणं, शिवाय त्याचा मुलगा कॉलेजसाठी जळगावलाच असतो तो पण आठवड्यातून एखाद दिवस कामाला यायला तयार आहे. त्याने फोन करून विचारलं, ताई तू दोन्हीकडे काम केलंय, सांग कुठे देऊ. सांगता सांगता पाऊण तास गेला, म्हणून इथे लिहून काढतेय, अजून कुणी याच विचारात असेल तर त्यालाही कामात येईल.

आमच्या जळगाव-भुसावळ-धुळे भागात हे काम मुख्यतः दोन तऱ्हेने चालतं. एक म्हणजे लग्नं, हॉटेलं, मेस इथून उरलेलं शिजवलेलं अन्न त्याच रात्री उचलायचं आणि सिव्हिलच्या बाहेर झोपलेले पेशंटचे नातेवाईक, स्टेशनजवळची माणसं, बांधकामावरची पालं, वीटभट्ट्या इथे पोचवायचं. दुसरी म्हणजे धान्य बँक, लोकांकडून कोरडा शिधा आणि पैसे घ्यायचे, साठवायचे आणि ठरलेल्या घरांना दर महिन्याला द्यायचे. बँक हा शब्द आला तोही याच दुसऱ्या तऱ्हेवरून. अमेरिकेत फिनिक्स शहरात 1967 साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या रिटायर्ड माणसाने पहिली फूड बँक काढली. पैसे जसे बँकेत ठेवतो आणि लागतील तेव्हा काढतो तसं अन्नाचंही हवं, ही कल्पना त्याला एका गरीब बाईच्या बोलण्यातून सुचली असं सांगतात. आता बघा, ठेवणं आणि लागेल तेव्हा काढणं हे गव्हाला, डाळीला जमतं, वरणाला जमत नाही. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

आधी शिजवलेल्या अन्नाचं सांगते कारण बहुतेकांचा ओढा तिकडेच असतो, आणि तो चुकीचा नाहीये. रात्री अकराला कॅटररचा फोन येतो, दीड तासात शंभर माणसं जेवतात, समोर दिसतं. पैशाची गरज पण कमी. रॉबिन हूड आर्मी नावाचा ग्रुप 2014 ला दिल्लीत सुरू झाला तो तर पैसे घेतच नाही, फक्त उरलेलं अन्न आणि व्हॉलंटियरचा वेळ. तरुण पोरांना हे काम आवडतं, रात्रीचं असतं, गाड्या काढायच्या असतात, जोशात करतात.

पण आमच्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. मे महिन्यात जळगावात पारा 44-45 ला जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नाची दाट तिथ असते. एका रात्री आम्ही एका मंगल कार्यालयातून वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्याची भाजी, भात आणि मठ्ठा उचलला, साधारण ऐंशी माणसांचं असेल. पंगत दुपारची होती आणि जेवण तेव्हापासून उघड्या पातेल्यात होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गाडीत झाकण काढलं तर वरणाला वरती बारीक फेस आलेला, वास अगदी थोडासा आंबूस, इतका थोडा की एकजण म्हणाला चालेल, उकळून घेऊ. मी नाही म्हटलं. वरण, भात, मठ्ठा सगळं ओतून दिलं, भाजी पण दिली नाही, फक्त बट्ट्या वाटल्या कारण कोरडी तळलेली बट्टी टिकते. सिव्हिलच्या कंपाउंडजवळ माणसं ताट घेऊन बसलेली आणि आम्ही त्यांच्या हातात नुसत्या बट्ट्या देतोय. ती रात्र मी विसरलेली नाही. तेव्हापासून पहिला प्रश्न एकच, शिजवलं किती वाजता. गरम अन्न 60 डिग्रीच्या वर किंवा थंड अन्न 5 च्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या तापमानात ते झपाट्याने खराब होतं, आणि खान्देशातल्या मे महिन्यात रात्री सुद्धा पातेलं त्या मधल्यातच असतं. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) 2019 चे नियम पण आहेत, ज्या ग्रुपला तुम्ही जोडले जाणार त्यांच्याकडे नोंदणी आहे का, आणि कोणतं अन्न कुठून किती वाजता उचललं याचं रजिस्टर आहे का, हे विचारायला लाजू नका. जो ग्रुप राग मानेल तिथे जाऊ नका.

दुसरी अडचण कॅलेंडरची, ही मला पण चार वर्षांनी कळली. जेवण उरतं लग्नात, आणि आषाढी ते कार्तिकी लग्नाच्या तिथीच नसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत आमचा फोन जवळजवळ गप्प. आणि हातावर पोट असणाऱ्यांचे वाईट दिवस बरोब्बर त्याच मधे येतात, श्रावणात झड लागली की निंदणी बंद, बांधकाम बंद, पाच-सहा दिवस मजुरीच नाही. कपाशी वेचणीला येईपर्यंत असंच चालतं. म्हणजे देणाऱ्यांच्या घरी जेव्हा भरपूर उरतं तेव्हा मजुराला काम असतं आणि त्याचं काम जातं तेव्हा आमचे डबे रिकामे. व्हॉलंटियरचं पण तसंच, कॉलेजातल्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं येतात, त्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, खूप मनापासून काम करतात पण एप्रिल-मे मधे युनिव्हर्सिटीच्या परीक्षा आणि तीच लग्नाची गर्दी. मुलांना दोष नाही, त्यांनी अभ्यास केलाच पाहिजे. पण रात्री अकराला फोन उचलायला आम्ही तिघंच उरतो.

आता धान्य बँक. इथे दिसायला काहीच नसतं. आमची म्हणजे एका बंद पडलेल्या किराणा दुकानाची खोली, पत्र्याच्या कोठ्या, एक वजनकाटा, एक पंखा. गुरुवारी दुपारी चार-पाच बायका बसतात, कुणी गहू चाळतंय, कुणी दादर ज्वारी पाखडतंय, कुणी डाळीतले खडे काढतंय, तांदळात सोंडे झालेत का ते परातीत पसरून बघायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा. पावसाळ्यात एक पोतं खालून ओलं झालेलं कळलं नाही तर बाजूची दोन जातात, म्हणून पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. सगळं कंटाळवाणं काम आहे, इथे फोटो पण निघत नाही, पण श्रावणात झड लागली त्या आठवड्यात आमच्याकडून साठ घरांना शिधा गेला तो या कंटाळवाण्या कामामुळेच. मे महिन्यात शाळा बंद म्हणजे पोरांचा पोषण आहार बंद, तो खड्डा पण इथूनच भरता येतो. आणि नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिवाळीनंतर धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं राहतात, त्यांच्यापर्यंत रात्रीचं गरम जेवण पोचवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, महिन्याचं पोतं मात्र पोचतं.

पण धान्य बँकेत देणारे चुकतात ते इथे. सगळे गहू-तांदूळ आणतात. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला घरामागे 35 किलो, ते सुद्धा 2023 पासून फुकट. कमी पडतं हे खरं, आणि ज्यांचं कार्डच नाही किंवा कार्ड गावाकडे आणि माणूस इथे अशांना ते पण मिळत नाही, त्यांच्यासाठी धान्य लागतंच. पण बाकीच्यांचं काय, ते एका मावशींनी मला पिशवी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "ताई, घरमा गहू शेतस, तेल नही शे." म्हणजे घरात गहू आहेत, तेल नाही. मी त्या दिवशी रजिस्टर उघडून बघितलं, मागच्या तीन महिन्यात आलेल्या मालात तेलाच्या पिशव्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. तेल, तूरडाळ, तिखट, शेंगदाणे, साखर-चहा, अंगाचा आणि कपड्याचा साबण, हे रेशनवर नियमित येत नाही आणि आमच्याकडे पण कुणी आणत नाही. म्हणून विचारून द्या. आणि घरातलं जुनं तिखट, एक्स्पायरी झालेली शेवयांची पाकिटं, कीड लागलेली डाळ आणू नका, जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याच्या ताटात कशाला.

वस्तू की पैसे, हा पण प्रश्न मामेभावाने विचारला. जमत असेल तर पैसे. जळगावात डाळ मिल आहेत, दाणा बाजार आहे, बँक पोत्याने घेते तेव्हा तुमच्या एका किलोच्या पाकिटापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडतं, आणि ज्या महिन्यात जे कमी असेल ते घेता येतं. शिवाय खोलीचं भाडं, छोट्या हत्तीचं (छोट्या टेम्पोचं) भाडं, पेट्रोल, पिशव्या याला वस्तू देणारा कुणी पैसे देत नाही, सगळ्यांना आपला रुपया थेट ताटात हवा असतो, पण गाडीच नाही तर ताटापर्यंत जाणार कसं? इन्कम टॅक्समधे देणगीवरची सवलत (80 जी म्हणतात ती) हवी असेल तर संस्थेकडे त्याचा नोंदणी नंबर आहे का बघा, धान्य दिलं तर ती सवलत मिळत नाही, रोख 2000 च्या वर दिले तरी मिळत नाही म्हणून यूपीआय किंवा चेकने द्या, आणि नवीन टॅक्स रिजीममधे असाल तर मुळात मिळतच नाही.

केळीचं वेगळं सांगते. रावेर-यावलकडून भाव पडला की शेतकरी घडच्या घड पाठवतात, मनाने मोठी माणसं. पण ती सगळी एकदम पिकतात, दोन दिवसात वाटलीच पाहिजेत, तेव्हा शिजवलेल्या अन्नवाल्या पोरांच्या गाड्याच उपयोगी पडतात. म्हणून दोन्ही ग्रुपचे नंबर एकमेकांकडे असावेत, आमच्याकडे आता आहेत.

तर निवडायचं कसं. तुमच्याकडे गाडी आहे, रात्री मोकळे असता, आणि कुणी चुकीचं अन्न दिलं तर नाही म्हणायची हिंमत आहे, तर शिजवलेल्या अन्नाकडे जा, त्यांना हात लागतात, पैसे कमी लागतात. तुमच्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही, किंवा दुपारचे दोन तास मोकळे आहेत आणि एका जागी बसून काम होतं, तर धान्य बँक. घरी लग्न आहे आणि जेवण उरेल असं वाटतंय तर कॅटररला आधीच सांगून ठेवा की शेवटची पंगत बसायच्या आधी फोन कर, आणि उरलेलं झाकून वेगळं ठेव, ताटातलं त्यात मिसळू नको. वाढदिवसाला एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या, आम्हाला पुढच्या महिन्यात किती घरं घेता येतील ते आधी कळतं. एकदा एका भल्या माणसाने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) एकदम चाळीस पिशव्या दिल्या, आम्ही चाळीस घरं वाढवली, जेष्ठात त्यातल्या सव्वीस घरांना नाही म्हणावं लागलं.

मामेभावाला मी हेच सांगितलं, वर्षश्राद्धाचे पैसे बारा महिन्यांत वाटून दे, तेलाला दे. त्याने विचारलं मामांचं नाव कुठे लिहायचं, मी म्हटलं रजिस्टरमधे लिहू, दर महिन्याच्या पानावर. पोराला गुरुवारी दुपारी दोनला पाठव, आणि परीक्षेत येणार नसेल तर आधी सांग म्हणावं, आम्ही दुसरं कुणी बघू.