घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन की पंधरा सुयांचं? आधी देखभालीचा हिशोब करा

ब्लाउजवर भरतकाम करून देण्याचा व्यवसाय सुरू करताना बहुतेक जण फ्रेमचा आकार, वेग आणि किंमत बघतात. देखभालीचा विचार हप्ते सुरू झाल्यावर होतो. माझ्या मते तो सगळ्यात आधी व्हायला हवा, कारण एका सुईचं घरगुती मशीन आणि एका हेडचं (म्हणजे भरतकाम करणारं डोकं एकच असलेलं) बारा-पंधरा सुयांचं व्यावसायिक मशीन यांचा स्वभावच वेगळा आहे.

घरगुती मशीन फार काही मागत नाही. सुईखालची पट्टी काढायची, खालच्या दोऱ्याची बॉबिन केस उचलायची आणि साचलेले तंतू ब्रशने काढायचे. फुंकर मारू नका, तंतू आणखी आत जातात. बऱ्याच मॉडेलांत आपण तेल घालायचंच नसतं. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तरी शिलाई मशीनच्या सवयीने लोक थेंब सोडतात आणि डाग गिऱ्हाइकाच्या रेशमावर पडतो. सुईही चुकीची बसत नाही, कारण तिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते. पण हुकचं (सुईचा दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवणाऱ्या भागाचं) टायमिंग बिघडलं किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला की आपल्या हातात काही उरत नाही. तालुक्याच्या गावी राहत असाल तर पैसे देण्याआधी विचारा: मेकॅनिक घरी येतो, की मशीन शहरात पाठवावं लागतं? लग्नसराईत मशीन आठवडाभर बाहेर राहिलं तर घेतलेल्या ऑर्डरी कशा पुऱ्या करणार?

मोठं मशीन रोज मागतं. सकाळी हुकच्या कडेवर मशीनच्या तेलाचा एक थेंब, मग चिंधीवर थोडं चालवून जास्तीचं तेल उतरवायचं. दिवसभर काम असेल तर दुपारी पुन्हा. शिवाय सुईदांड्यांचं तेल, दोरा कापणाऱ्या सुऱ्यांखालची सफाई आणि प्रत्येक सुईचं वेगळं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. सुई गोल दांड्याची, त्यामुळे लावताना खाच मागे आणि भोक बरोबर समोर आहे ना, हे डोळ्यांनी बघावं लागतं. जरा फिरली तरी टाके सुटतात. बदल्यात मशीन उघडं असतं. शिकून घेतलं तर रोजचे निम्मे बिघाड पेचकसाने घरीच निघतात, आणि मुंबई-सुरतच्या बाजारात सुटे भाग मिळतात.

टेन्शन तपासण्याची रीत दोन्हीकडे एकच. सॅटिन टाक्याची (शेजारी-शेजारी दाट भरलेल्या आडव्या टाक्यांची) जाडसर पट्टी काढा आणि कापड उलटं करा. मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला, तर ठीक. पांढरा दिसतच नसेल तर वरचं टेन्शन सैल आहे किंवा बॉबिनचं जास्त घट्ट. मोठ्या मशीनची बॉबिन केस दोऱ्याला धरून लटकवा, हलका झटका द्या: थोडी सरकून थांबली पाहिजे. घरगुती मशीनमध्ये बॉबिनचा स्क्रू शक्यतो हलवू नये, वरचंच टेन्शन बदलावं.

जरीचं काम जास्त असेल तर माझा कौल मोठ्या मशीनला. जरीचा दोरा खरखरीत असतो, त्याला ९० नंबरची मोठ्या भोकाची सुई, सैल टेन्शन आणि कमी वेग लागतो. पंधरांपैकी दोन सुया कायमच्या जरीसाठी लावून ठेवता येतात. एका सुईवर दर वेळी सगळं बदलत बसावं लागतं.

आठवड्याला चार-पाच ब्लाउज असतील तर घरगुती मशीन पुरतं. कारागीर सतत बदलणार असतील आणि तेलाची जबाबदारी एकावर नसेल, तर मोठं घेऊ नका. अर्थिंग आणि विजेचा व्होल्टेज स्टॅबिलायझर दोघांनाही हवंच. कोकणात पावसाळ्यात काम नसलं तरी मोठं मशीन रोज थोडं चालवा, नाहीतर हुक गंजतो.

जुनं मशीन घेणार असाल तर बंद करून हुकच्या टोकावर नख फिरवा. ओरखडा लागला तर दोरा तिथेच तुटत राहणार, म्हणून नव्या हुकची किंमत वजा करूनच सौदा करा.