जिप्सी मेजर की कॉन्टिनेन्टल आर-६७०? जुनं बायप्लेन घेण्याआधी

टायगर मॉथ घ्यावं की स्टिअरमन, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: विमान किती दिवस नुसतं उभं राहणार आहे? इंग्लंडमध्ये गवताच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या आमच्यासारख्यांचं विमान हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये असतं. लाकडी पंख आणि कापड दोन्हीकडे सांभाळावंच लागतं. खरा फरक नाकातल्या इंजिनाचा: टायगर मॉथला जिप्सी मेजर, स्टिअरमनला कॉन्टिनेन्टल आर-६७०. दोन्ही इंजिनं मी हाताळली आणि शेवटी जिप्सीच्या विमानात हिस्सा घेतला.

कॉन्टिनेन्टलच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. दोन भरभक्कम माणसं, उन्हाळ्यातली दुपार आणि तोकडी धावपट्टी असली की १३० ऐवजी २२० अश्वशक्ती देवासारखी धावून येते. सातही सिलिंडर लयीत चालू लागले की उतरावंसं वाटत नाही. जिप्सीची थरथर मात्र दातांपर्यंत पोचते. हेच रेडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेलं इंजिन, अमेरिकेच्या स्टुअर्ट रणगाड्यांतही बसवलं गेलं, म्हणजे महायुद्धात ते ढिगाने बनलं. पेट्रोल जास्त पितं. माझ्या अंदाजाने तासाला पन्नास लिटरच्या आसपास. जिप्सीचं तिसात भागतं.

मला अडवलं ते तेलाने. रेडियल उभं राहिलं की तेल हळूहळू झिरपत सगळ्यात खालच्या दोन सिलिंडरांत, म्हणजे चार आणि पाच नंबरात, उतरतं आणि रिंगांमधून आत साठतं. तेल दाबलं जात नाही. पिस्टनला जागा उरली नाही की पंखा (प्रोपेलर) अडतो, नाहीतर पिस्टनचा रॉड वाकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी मॅग्नेटो, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं, बंद करून, तरीही ते चालू आहेत असंच समजून, पंखा एकेक पातं करत हाताने ओढायचा. अडला तर जोर लावायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही, कारण उलट फिरवलं की तेल इनटेक पाइपात जातं आणि इंजिन सुरू होताच परत आत खेचलं जातं. खालचे प्लग काढायचे, ट्रे ठेवायचा, तेल गळेपर्यंत थांबायचं, प्लग साफ करून परत लावायचे.

काम कष्टाचं नाही. त्रास हा, की ते टाळता येतं. स्टार्टर असला की थंडीच्या सकाळी कुणीतरी घाईत बटण दाबतो, इंजिन एक हिसका खाऊन सुरू होतं आणि कुणाला काही कळत नाही. मी घेण्याच्या विचारात होतो त्या स्टिअरमनचं इंजिन खोललं, तेव्हा खालच्या सिलिंडरचा एक रॉड किंचित वाकलेला निघाला. लॉगबुकात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तो रॉड तसा किती तास चालला होता, कुणास ठाऊक. हिश्श्यातल्या विमानात आदल्या माणसाने काय केलं ते आपण पाहिलेलं नसतं, आणि मला त्याच विमानात दुसऱ्या कुणाला तरी बसवून न्यायचं असतं.

जिप्सीचे तर चारही सिलिंडर उलटे, डोकं खाली, मग तेल तिथे उतरत नाही का? थोडं उतरतं. पण बॅरलची, म्हणजे सिलिंडरच्या नळीची, कड क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य पेटीत) वर आलेली असते, त्यामुळे बरंचसं तेल तिच्याभोवतीच थांबतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की बहुतेक टायगर मॉथना स्टार्टरच नाही. पेट्रोल ठिबकेपर्यंत कार्बुरेटर ‘टिकल’ करायचा, म्हणजे त्यात पेट्रोल भरू द्यायचं, स्विच बंद ठेवून चार पाती ओढायची, मग ‘कॉन्टॅक्ट’ अशी हाक देऊन स्विच चालू. एक पातं, एक सिलिंडर. दर वेळी चारही सिलिंडरांची तपासणी तळहाताने होते. अडथळा असला, व्हॉल्व्ह गळत असला, तर इंजिन सुरू होण्याआधीच हाताला कळतं.

व्हॉल्व्हचं कामही सोपं. जिप्सीचं हेड, म्हणजे सिलिंडरचं व्हॉल्व्ह असलेलं टोक, सुटं निघतं, तेही उभ्याउभ्या. कॉन्टिनेन्टलचं हेड बॅरलवर कायमचं बसवलेलं, म्हणून अख्खा सिलिंडरच उतरवावा लागतो.

जिप्सी गळते, हे मान्य करायलाच हवं. हेडचे नट वरचेवर तपासावे लागतात. सुरुवातीच्या काळातली ब्राँझची हेड असतील तर शिशाच्या पेट्रोलने ती खराब होतात, ॲल्युमिनियमची बघा. आणि पंखा फिरवायला दुसरा जाणता माणूस लागतोच. एकट्याने उडायची सवय असणाऱ्याला हे जाचेल, आणि त्याने स्टिअरमन घेतलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

एक गोष्ट माझ्या मनातली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून, आणि त्यात मेजरच्या आधीचं जिप्सी थ्री होतं. निर्णयात याला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, मी दिलं.

जिप्सी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच पोचा आणि पाती स्वतः ओढून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. मग अर्धा तास उडवून, उतरून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला सांगा. जुन्या मॅग्नेटोतलं शेलॅक (तारांवरचा लाखेचा लेप) उष्णतेने मऊ पडतं, आणि ते थंड इंजिनावर कधीच उघड होत नाही. गरम असताना सुरू झालं नाही, तर दोन्ही मॅग्नेटोंच्या दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किंमत बोला.