मॉडेल ए आणि १९६६ची मस्टँग : एका मोसमाचा अनुभव

डिट्रॉइटच्या उपनगरातल्या रस्त्यांवर १९३०ची फोर्ड मॉडेल ए आणि १९६६ची सहा सिलिंडरची मस्टँग उन्हाळाभर आलटून पालटून चालवली. दोन्ही इंजिने सुमारे २०० घनइंचांची, म्हणजे जवळपास ३.३ लिटरची, तरीही पहिलीची ताकद ४० अश्वशक्ती, तर दुसरीची १२०. त्यामुळे रोजच्या वापराला मस्टँगच योग्य, असे माझे मत ऑगस्टपर्यंत ठाम होते.

ऑगस्टमध्ये एका सिग्नलजवळ मस्टँगचे ब्रेक पेडल थेट तळाला टेकले. मागच्या ॲक्सलकडे जाणारा जुना रबरी होज फुटला होता, आणि १९६६पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांना एकाच मार्गाने दाब मिळत असल्यामुळे, एका ठिकाणी ऑइल गळाले की सगळेच ब्रेक जातात. पार्किंग ब्रेक केबलवर चालतो, म्हणून गाडी थांबली. मास्टर सिलिंडर म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग; पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या मार्गांनी दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७च्या मॉडेलपासून आला. पण विक्रीच्या जाहिरातींत रंग, सीट आणि क्रोमचे रकाने भरलेले असतात, ही गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. गॅरेजवाल्याने डिस्क ब्रेकच बसवायचा आग्रह धरला. आधीचे ड्रम ब्रेक उत्तम स्थितीत असताना तो खर्च मला मुळीच पटला नाही, म्हणून दुहेरी मास्टर सिलिंडर, नव्या ब्रेक लाइन आणि तिन्ही होज आणून घरीच बसवले.

या काळात मॉडेल ए रोज बाहेर निघू लागली आणि माझे मत बदलत गेले. तिच्या ब्रेकमध्ये ऑइल नाहीच. पेडलचा जोर आडव्या दांड्यावर येतो आणि तिथून चार लोखंडी सळ्यांनी चाकांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे एक सळी निखळली तरी बाकीची चाके धरतात. ब्रेक लावताना ती डावीकडे ओढत असे. प्रत्येक ड्रममागच्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूला पाना लावून एकेक खटका फिरवला, दर वेळी चाक हाताने फिरवून लायनर घासल्याचा आवाज ऐकला, आणि चारही चाकांवर सारखा ताण आल्यावर गाडी सरळ रेषेत थांबू लागली. फोर्डने १९३८पर्यंत ऑइलविना चालणारे यांत्रिक ब्रेकच का ठेवले असतील, ते तेव्हा मला उमगले. अर्थात, ताशी ४५ मैलांच्या पुढे मी तिला नेत नाही. महामार्गासाठी दुरुस्त केलेली मस्टँगच बरी.

१९६६ किंवा त्याआधीची मस्टँग पाहायला जाणाऱ्यांनी बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर एकेरी आहे की दुहेरी, हे आधी तपासावे, आणि एकेरी असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.