नळीच्या पाण्यावर घेतलेली बोट

आमची जेट बोट जिथे उभी होती तिथे पाणी नव्हतं. डॅलसच्या उत्तरेला एका घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, ट्रेलरवर, उन्हात चमकत होती. मालकाने बागेची हिरवी नळी मागच्या बाजूला जोडली, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि मी तिथेच फसलो.

आम्ही जेट बोटच शोधत होतो, म्हणजे बाहेरच्या पंख्याऐवजी आतल्या पंपाने पाणी मागे फेकत पळणारी, कारण पोरं मागच्या पायरीवरून सारखी पाण्यात उड्या मारणार आणि तिथे फिरता पंखा उघडा नको. (म्हणून जेट अगदी निर्धोक असते असं नाही. इंजिन चालू असताना खालच्या जाळीपाशी दोरी किंवा मोकळे केस गेले तर ती ओढून घेते.) दोन बोटी नक्की केल्या होत्या. एक सी-डू कंपनीची, जुनी, गादी फाटलेली, रंग उडालेला. तिच्या म्हाताऱ्या मालकाकडे सगळ्या बिलांची फाइल होती आणि तो आपणहून म्हणाला होता, "शनिवारी लेक लुइसव्हिलला या, पाण्यात चालवून बघा." पण सी-डूने 2012मध्ये या बोटी बनवणं बंद केलं होतं, आणि मला वाटलं, पुढे सुटे भाग कुठे शोधत बसू? शिवाय फोटोत ती काही छान दिसेना. (आता लिहायला लाज वाटते.)

दुसरी ही चमकणारी. दोन इंजिनं, इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर फक्त 140 तास, "कायम गोड्या पाण्यात". किंमत साडेसतरा हजार डॉलर. मी अभ्यास करून गेलो होतो. मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला बारा अक्षरांचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, तपासला. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात, ते जुळले. तेवढ्यावर मी स्वतःला जाणकार समजू लागलो.

माझी बायको मालवणची. तिच्या वडिलांची होडी होती. मी इंजिनाचा आवाज ऐकत असताना ती ट्रेलरखाली वाकून बघत होती. काळा रंग ताजा होता, पण चौकटीच्या पोकळ नळीत हाताचं बोट घालून तिने खरवडलं तर गंजाच्या पापुद्र्यांनी तळहात भरला. पंपाच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी होती. अॅल्युमिनियम खाल्लं गेलं की ती येते. आणि गंज आधी आपल्यावर घेणारं बळीचं झिंक मात्र अगदी कोरं करकरीत. मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "ही खाऱ्यातली आसा रे." मी म्हटलं, टेक्सासात पाऊस पडत नाही का? गंजतं लोखंड.

पाण्यात उतरवून बघू म्हटल्यावर मालकाची उत्तरं तयार होती. बोट उतरवायच्या रॅम्पवर गर्दी असते, गाडीला ट्रेलर जोडायची हिच नाही, आणि कालच दुसरा गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देऊन जायला तयार होता. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नाव त्याचं नव्हतं, "चुलतभावाचं" होतं, सही करून ठेवलेली. आम्ही पैसे दिले. विक्रीच्या कागदावर 'जशी आहे तशी' असं लिहिलेलं होतं, त्याखाली माझी सही.

पहिल्या रविवारी दोघंच होतो तेव्हा बोट कशीबशी पळाली. पुढच्या रविवारी सहा माणसं आणि बर्फाची पेटी घेऊन निघालो, तर इंजिनं किंचाळत होती, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढत होता, पण नाक खाली येऊन बोट काही पाण्यावर तरंगत धावेना. मेकॅनिकने पंप उघडला. इंपेलरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या पंख्याच्या, कडा खाल्लेल्या, भोवतीच्या कड्यात, म्हणजे वेअर रिंगमध्ये, खाचा. दोन्हींतली फट वाढली की पंप पाण्याऐवजी बुडबुडे ढवळतो आणि जोर मागे फेकलाच जात नाही. नळीवर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण नळीचं पाणी इंजिन थंड करायला असतं. पंप तिथे कोरडाच फिरतो, म्हणून तर जेट बोट नळीवर काही मिनिटांपेक्षा जास्त चालवायची नसते. एका बाजूचं बेअरिंगही गेलेलं. बिल चार हजार दोनशे.

टायटल आमच्या नावावर करण्यासाठी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडे जायचं होतं. कागदावरचा 'चुलतभाव' मी फोन करून शोधला. बिचारा सरळ माणूस. या विक्रेत्याशी त्याचं काहीच नातं नव्हतं. म्हणाला, बोट चार वर्षं गॅल्व्हस्टनच्या खाडीत होती, पंप गेला म्हणून स्वस्तात काढली. विक्रेत्याने स्वतःच्या नावावर न करताच ती पुढे आमच्या गळ्यात मारली होती. मीटरबद्दल विचारलं तर तो हसला. त्याच्या वेळी मीटर बंदच होता.

वकिलाने 'जशी आहे तशी' वाचलं आणि मान हलवली. कोर्टात जायचं तर जा, पण फी बोटीपेक्षा कमी नसेल.

बायकोने "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. फक्त आता कोणी मित्र बोट बघायला निघाला की ती सोबत जाते, पोकळ नळीत बोट घालते. पोहायचे कपडे घेऊनच जाते, पाण्यात उतरवली नाही तर पाकीट उघडू देत नाही.

मागच्या महिन्यात त्या माणसाची नवी जाहिरात दिसली. लाल बोट, तोच ड्राइव्हवे, मागे तीच हिरवी नळी. खाली लिहिलंय, कायम गोड्या पाण्यात.