काळ्या गादीचं पांढरं चित्र

रात्री उजवा हात डोक्यावर ठेवला की मला झोप लागायची. हात खाली आला की मानेतून निघालेली कळ खांद्यावरून दंडात आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत उतरायची. मुंग्या फक्त अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला. उरलेली तीन बोटं ठणठणीत. ही माहिती किती मोलाची आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ज्यांनी मला लुबाडलं त्यांनी ती विचारलीच नाही.

मी शिक्षिका आहे. फळ्यावर लिहिताना हात वर असायचा, तेव्हा बरं वाटायचं. वह्या तपासायला बसले की जीव नकोसा व्हायचा. तीन आठवडे असे काढल्यावर एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये पानभर मजकूर होता: मानेतल्या चार गाद्यांमध्ये (दोन मणक्यांच्या मधल्या मऊ चकत्यांमध्ये) ‘डिजनरेटिव्ह’, म्हणजे झिजेचे, बदल, गाद्यांमधलं पाणी कमी झालेलं, कडेला हाडाची वाढ, सी५-सी६ला, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांच्या मध्ये, गादी उजवीकडे सरकून नसेवर (मज्जातंतूवर) दाब, मानेचा बाक कमी झालेला. चित्रात त्या चारही गाद्या काळ्या दिसत होत्या. ‘डिजनरेटिव्ह’ म्हणजे आतून सडत चाललंय, असा अर्थ मी मनाशी लावून घेतला. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, “गोळ्या घ्या, फिजिओथेरपी सुरू करा आणि सहा आठवडे थांबा. बहुतेकांचं कमी होतं.” पण ‘थांबा’ हा शब्द मला त्या दिवसांत उपचार वाटलाच नाही. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला तो वाटत नाही.

म्हणून मी त्या केंद्रात गेले. शस्त्रक्रियेशिवाय गादी पुन्हा भरून देतो, अशी त्यांची जाहिरात होती. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी स्वतःची ओळख ‘स्पाइन सल्लागार’ अशी करून दिली. शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे मी विचारलं नाही. भिंतीवर मान वाकवून मोबाइल पाहणाऱ्या माणसाचं मोठं चित्र होतं आणि त्याच्या मानेवर २७ किलोचं ओझं दाखवलं होतं. तो आकडा मी नंतर शोधून काढला. २०१४ साली केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जननी तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून मांडला होता, मान ६० अंश झुकली तर किती भार येईल याचा हिशेब म्हणून. कुणा रुग्णाच्या मानेवर तो मोजलेला नाही आणि त्या भाराने गादी झिजते हेही त्यातून सिद्ध होत नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला माझ्या वह्यांचे गठ्ठेच डोळ्यांसमोर आले.

त्यांनी माझ्या मानेला हात लावला नाही. रिपोर्ट घेतला आणि लाल पेनाने शब्दांखाली रेघा ओढत गेले. “मॅडम, चार गाद्या गेल्यात. गाडीला एक धक्का बसला तर हातपाय लुळे पडतील. ऑपरेशन केलंत तर आवाज जाईल.” मग हिशेब. एका गादीला सहा सिटिंग, चार गाद्यांना चोवीस. सगळे पैसे आगाऊ, सवलत फक्त आजच्या दिवसापुरती. सही केली त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की भरलेली रक्कम कुठल्याही कारणाने परत मिळणार नाही. ते मी घरी येऊन वाचलं.

गाद्या मोजून पैसे लावायची ही पद्धत, तिच्यातच सगळी लबाडी होती. मानेत सात मणके आणि सहा गाद्या असतात (पहिल्या दोन मणक्यांच्या मध्ये गादी नसते), आणि नसांच्या जोड्या आठ. प्रत्येक नसेचा हातातला प्रदेश साधारण ठरलेला असतो. सहावी नस सी५ आणि सी६ यांच्यामधून बाहेर पडते आणि अंगठ्याकडे जाते. सातवी मधल्या बोटाकडे. माझी तक्रार अंगठ्याची होती, म्हणजे दुखणं एका जागचं होतं. बाकीच्या तीन गाद्या काळ्या होत्या, पण मला त्यांचा काहीही त्रास नव्हता. त्या तिन्हींच्या अठरा सिटिंगचे पैसे माझ्याकडून केवळ रंगासाठी घेतले गेले.

सिटिंगमध्ये बरं वाटायचं, हे मी लपवणार नाही. हनुवटीखाली आणि डोक्यामागे पट्टा लावायचे, यंत्र हळूहळू मान ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. नसेवरचा दाब तेवढ्यापुरता हलका होत असावा. पंधरावीस मिनिटं कळ थांबायची आणि त्या पंधरावीस मिनिटांसाठी मी काहीही द्यायला तयार होते. समोरच्या पडद्यावर निळी गादी फुगताना दाखवायचे. “गादी पाणी पितेय,” म्हणायचे. त्यांच्या बोलण्यात थोडं खरं असायचं, म्हणूनच ते पटायचं. रात्री आडवं झाल्यावर गाद्या पाणी शोषतात आणि सकाळी आपली उंची किंचित जास्त भरते, हे खरंच आहे. पण ते प्रत्येकाच्या अंथरुणात फुकट होतं आणि दिवसभरात ते पाणी पुन्हा बाहेर पडतं. गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. वरच्या-खालच्या हाडांमधून झिरपेल त्या पोषणावर ती जगते. वयाबरोबर पाणी धरून ठेवणारे तिच्यातले घटकच कमी होत जातात. यंत्राने ओढून ते परत येतात, असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला व्यायाम आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या होत्या. “आमच्या उपचारात त्या आड येतात.” आता वाटतं, बरं होण्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला जायला नको, एवढंच त्यामागे होतं.

आणि मला बरं वाटू लागलं. आठव्या-नवव्या सिटिंगपासून हात डोक्यावर न ठेवता झोप येऊ लागली. मी चार ओळखीच्यांना त्या केंद्राचं नाव सांगितलं. त्यातल्या दोघी तिथे गेल्याही. त्यांची मी माफी मागितली आहे, पण ते नाव माझ्या तोंडून गेलं होतं हे काही पुसलं जात नाही.

माझ्या शेजारच्या बेडवर एक मावशी असायच्या, साठीच्या पुढच्या. मान फारशी दुखत नाही म्हणायच्या. भिंतीला हात लावत, पाय फाकवून चालायच्या. झोपण्याआधी त्यांच्या स्वेटरची बटणं मुलगी काढायची आणि नंतर लावून द्यायची. एकदा पाण्याचा पेला त्यांच्या हातातून सुटला. मुलीने विचारलं तेव्हा सल्लागार म्हणाले, “नसा जाग्या होतायत, सुरुवातीला असं होणारच.” मी ते ऐकलं आणि मान डोलावली. आम्ही एकमेकींची नावंही विचारली नाहीत.

विसाव्या सिटिंगनंतर त्यांनी मला दुसऱ्या एमआरआयला पाठवलं. मग पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं. डावीकडे माझी जुनी मान, गाद्या काळ्या. उजवीकडे नवी मान, गाद्या उजळ, जवळजवळ पांढऱ्या. मला रडू आलं. “साठ टक्के भरली,” ते म्हणाले, “उरलेली भरायला पेशींचं इंजेक्शन लागेल.” त्याची रक्कम पहिल्या पॅकेजपेक्षा कितीतरी मोठी होती आणि सही पुन्हा आजच हवी होती.

मी सही करणार होते. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, की या तपासणीची सीडी मिळेल का. आढेवेढे सुरू झाले. सीडी आमच्या सिस्टिमला लागते, प्रिंट घेऊन जा, सीडी घेऊन तुम्ही काय करणार. जिची मान, तिला तिचीच चित्रं द्यायला हे का कचरतायत, हा प्रश्न त्याला पडला. मला पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी जिथे एमआरआय झाला होता तिथे आम्ही पावती दाखवली आणि दहा मिनिटांत सीडी मिळाली.

दोन्ही सीड्या घेऊन आम्ही मणक्याच्या एका सर्जनकडे गेलो. त्यांनी सीड्या बाजूला ठेवल्या आणि आधी मला तपासलं. कुठल्या बोटांना मुंग्या, झोपताना हात कुठे ठेवता? हात डोक्यावर ठेवते म्हटल्यावर ते म्हणाले, “त्याने नसेवरचा ताण कमी होतो. तुम्ही स्वतःच निदान करून आलात.” मान उजवीकडे कलवून डोक्यावर हलका दाब दिला, जुनी कळ किंचित उठली. कोपर, मनगट, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली. मधल्या बोटाचं टोक टिचकीसारखं दाबून सोडलं आणि अंगठा दचकतो का ते बघितलं. मग विचारलं: बटणं लावता येतात? अक्षर बदललंय? चालताना तोल जातो? लघवीवर ताबा आहे?

माझी सगळी उत्तरं चांगली होती. पण त्यांचे प्रश्न ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मी नव्हतेच. भिंत धरून चालणाऱ्या मावशी होत्या.

मग त्यांनी सीड्या लावल्या. एमआरआयमध्ये एकाच मानेची अनेक प्रकारची चित्रं काढतात. ‘टी२’ नावाच्या प्रकारात पाणी पांढरं दिसतं, म्हणून पाणी कमी झालेली गादी काळी दिसते. ‘ग्रेडियंट इको’ नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात हाड गडद दिसतं आणि गादी उजळ, झिजलेली असली तरी. केंद्राने मला जुन्या तपासणीतलं टी२ दाखवलं होतं आणि नव्या तपासणीतलं ग्रेडियंट इको. डॉक्टरांनी टी२च्या शेजारी टी२ ठेवलं: चारही गाद्या जशा काळ्या होत्या तशाच. मग जुन्या सीडीतलं ग्रेडियंट इको उघडलं. पहिल्या सिटिंगच्याही आधी काढलेल्या त्या चित्रात माझ्या गाद्या तितक्याच उजळ होत्या. चित्राच्या कोपऱ्यातले बारीक आकडे कुठलं चित्र कुठल्या प्रकारचं ते सांगतात, ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. केंद्रातल्या प्रिंटवर तो कोपरा कापलेला होता.

फरक फक्त एका ठिकाणी होता. सी५-सी६ला बाहेर सरकलेला भाग थोडा आक्रसला होता. तो शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. मला आराम पडला तो त्यामुळे आणि नसेची सूज उतरल्यामुळे, म्हणजे डॉक्टरांनी थांबा म्हटलं होतं तेवढ्याच काळात. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये अशा दबलेल्या नसेच्या ५६१ रुग्णांची नोंद ठेवली गेली होती. १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. काहींना शस्त्रक्रिया लागली, पण शेवटच्या पाहणीच्या वेळी दहातल्या नऊ जणांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. आणि काळ्या गादीची जी भीती मला विकली गेली तिच्याबद्दल: जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले होते. २०१५ साली आलेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. विशीतल्या बहुतेकांचीसुद्धा. माझ्या रिपोर्टमधली निम्मी वाक्यं तशाच लोकांच्या रिपोर्टमध्येही असणार. पण समोर ठेवून वाचणाऱ्याने रिपोर्ट आणि माणूस एकत्र वाचायला हवा, आणि माझ्या बाबतीत वाचणाऱ्याला तसा वाचायचाच नव्हता.

पेशींच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. त्यावर संशोधन चालू आहे, नेहमीचा उपचार म्हणून ते सिद्ध झालेलं नाही, असं ते म्हणाले. मला शस्त्रक्रिया लागणार नव्हती. फिजिओथेरपीचे साधे व्यायाम पुन्हा सुरू झाले. आवाज जाण्याचंही विचारलं. काहींचा काही दिवस बसतो, क्वचित जास्त काळ राहतो आणि तो धोका आधी सांगितला जातो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

केंद्रात पैसे परत मागायला गेले तर तिथल्या लोकांनी माझी सही दाखवली. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर म्हणाले, “तुम्हाला बरं वाटलं ना?” मी लेखी तक्रार केली आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल.

मला त्या दिवशी पैशांपेक्षा मावशींचं विचारायचं होतं. सर्जननी मला समजावलं होतं की मान न दुखता हात बोथट होणं, बटणं न लागणं, वस्तू हातातून पडणं, चाल डळमळणं, ही नसेची नाही तर खुद्द मज्जारज्जू दाबला जात असल्याची लक्षणं असू शकतात. तिथे थांबून चालत नाही, गेलेली ताकद पुष्कळदा पूर्ण परत येत नाही, आणि अशी मान यंत्राने ओढणं धोक्याचं ठरू शकतं. काउंटरवर मी मावशींचं वर्णन सांगितलं. दुसऱ्या पेशंटची माहिती देत नाही, म्हणाले. त्यांची वेळ बदलली होती की त्या यायच्या थांबल्या होत्या, तेही कळलं नाही. दोन दिवस दारात उभी राहिले, पण त्या दिसल्या नाहीत.

तुमची आई भिंत धरून चालत असेल, मान फारशी दुखत नाही म्हणत असेल, स्वेटरची बटणं तुम्ही लावून देत असाल, आणि शेजारच्या बेडवर वह्यांची पिशवी घेऊन येणारी एक बाई असायची, हे तुम्हाला आठवत असेल, तर राहिलेल्या सिटिंग सोडून द्या. भरलेल्या पैशांचा विचार करू नका. आजच त्यांना मणक्याच्या सर्जनकडे किंवा मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि पेला हातातून पडला होता ते त्यांना आठवणीने सांगा.