मेरिट स्कॉलरशिपची हमी आणि आमचे अडकलेले ४० हजार डॉलर

मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, मी आणि नवरा एका हॉटेलच्या हॉलमधल्या मोफत सेमिनारला गेलो. उत्पन्न बेताचं असताना चांगल्या कॉलेजात प्रवेश आणि मेरिट स्कॉलरशिप कशी मिळवायची, असा विषय होता. फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली होती. बेकारी भत्त्याचे २६ आठवडे संपत आले होते. माझा पगार वर्षाला ३८ हजार डॉलर. न्यू जर्सीत सतरा वर्षं काढून बँकेत ४६ हजार साठले होते, आणि मुलीच्या मागे सातवीतला मुलगा होता. अशा वेळी माणूस ज्या मनःस्थितीत असतो, त्या मनःस्थितीत आम्ही तिथे बसलो होतो.

बोलणारा माणूस, प्रवेशाचा सल्लागार, मराठी होता. सेमिनार इंग्रजीत झाला, पण चहाच्या वेळी तो आमच्याशी मराठीत बोलायला लागला, गाव विचारलं, मला ताई म्हणाला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढच्या आठ महिन्यांत जिथे जिथे मला शंका आली, तिथे तिथे ‘आपलाच माणूस आहे’ या एका विचाराने मी ती गिळली.

पहिल्या भेटीत त्याने मुलीचे मार्क पाहिले. जीपीए, म्हणजे शाळेतल्या मार्कांची सरासरी, ३.९; एसएटी या प्रवेश परीक्षेत १४४०. आठवड्याने छापील अहवाल हातात दिला. त्यात बारा कॉलेजांची नावं, प्रत्येकापुढे प्रवेशाची शक्यता टक्क्यांत आणि शेजारच्या रकान्यात ‘अपेक्षित मेरिट’. कॉर्नेलपुढे ६२ टक्के आणि वर्षाला २५ हजार डॉलर असं लिहिलेलं होतं. मुलगी तो कागद घेऊन खोलीत गेली आणि तिने तो टेबलासमोर चिकटवला. फी ४,८०० डॉलर होती. अर्धी कार्डावर, अर्धी ‘झेल’ने, म्हणजे फोनवरून थेट बँकेतून बँकेत. करारात हमी होती: प्रवेश आणि स्कॉलरशिप मिळाली नाही तर पैसे परत.

आता त्या अहवालाबद्दल सांगते, कारण हे तपासायला एक संध्याकाळ पुरेशी होती. कॉर्नेल हे आयव्ही लीग या आठ नावाजलेल्या कॉलेजांच्या गटातलं. या आठही कॉलेजांत मेरिटवर स्कॉलरशिप दिलीच जात नाही. मदत मिळते ती फक्त कुटुंबाच्या गरजेवर. म्हणजे त्या रकान्यातला २५ हजारांचा आकडा कुठल्याच हिशोबातून आलेला नव्हता. ६२ टक्क्यांचंही तेच. तिथे अर्ज करणाऱ्या दहांतल्या एकालाही प्रवेश मिळत नाही. अमेरिकेतली बरीचशी कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात, तोही फुकट. त्यातल्या सी विभागात किती अर्ज आले, किती घेतले, आलेल्या मुलांचे एसएटी कुठून कुठपर्यंत होते, हे सगळं असतं. तिथल्या मुलांना स्कोअरनुसार ओळीने उभं केलं, तर माझ्या मुलीचा १४४० अगदी मागच्या चौथ्या हिश्शातही शेवटाकडे गेला असता. आणि एच विभागात, गरज नसतानाही किती मुलांना कॉलेजने स्वतःच्या पैशातून स्कॉलरशिप दिली आणि सरासरी किती दिली, हे लिहिलेलं असतं. मेरिटची खरी शक्यता बघायची जागा ती. मला हे मार्च २०२५ मध्ये शाळेच्या काउन्सेलरने दाखवलं. आधी तिच्याकडे गेले असते तर आधी दाखवलं असतं. पण सल्लागार म्हणाला होता, ‘शाळेच्या काउन्सेलरकडे तीनशे मुलं असतात ताई, तुमच्या मुलीकडे बघायला वेळ कुठे त्यांना?’ आणि मी गेले नाही.

खरी फसवणूक मात्र दुसऱ्या भेटीत झाली. त्याने आमचं बँक स्टेटमेंट मागितलं, पाहिलं आणि मान हलवली. ‘ताई, हे ४६ हजार बँकेत दिसले की संपलं. फाफ्सात आकडा गेला की कॉलेज म्हणणार, यांच्याकडे पैसे आहेत, मदत कशाला? पैसे बँकेत ठेवलेत म्हणजे कॉलेजच्या ताटात वाढून ठेवलेत.’ फाफ्सा म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज. त्यात राहतं घर, निवृत्तीचे पैसे, आयुर्विमा आणि ॲन्युइटी (विमा कंपनीकडे दीर्घ मुदतीसाठी पैसे गुंतवण्याची योजना) मोजत नाहीत, हे खरं आहे. त्याच्या बोलण्यातलं तेवढंच खरं होतं. त्या वर्षी फाफ्साचा फॉर्म नेहमीच्या १ ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरात सगळ्यांना खुला झाला. त्याच्या आत ४० हजार एका ॲन्युइटीत ‘हलवून’ टाकायचे असं ठरलं. तो स्वतः विम्याचा परवानाधारक एजंट होता. ते आम्हाला सह्या करताना कळलं, आणि आम्हाला उलट बरंच वाटलं, की सगळं एकाच ठिकाणी होतंय.

फाफ्सामध्ये आईवडिलांच्या मोजल्या जाणाऱ्या बचतीचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग कुटुंबाच्या वाट्याला धरला जातो. ४० हजारांवर ते होतात २,२५६ डॉलर. म्हणजे सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे घडलं असतं, तरी आमचा वाटा वर्षाला यापेक्षा जास्त कमी झाला नसता. उत्पन्नाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो. शिवाय मेरिट स्कॉलरशिप ज्या मार्कांवर देतात, तिथे बँकेतल्या पैशांचा संबंधच नाही. त्या २,२५६ साठी आम्ही ४० हजार दहा वर्षांसाठी बांधून घातले. ॲन्युइटी पहिल्या वर्षी मोडली तर ९ टक्के, म्हणजे ३,६०० डॉलर कापले जाणार. हा गुणाकार करायला मला कुणीही अडवलं नव्हतं. तो टक्का कुणी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

सह्या टॅबलेटवर झाल्या. पॉलिसी ईमेलने आली. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करून पूर्ण पैसे घेण्याची ‘फ्री लूक’ नावाची मुदत असते, बहुतेक राज्यांत निदान दहा दिवसांची. आमच्याही पॉलिसीत ती छापलेली होती. मी ती ईमेल मुलीच्या कॉलेजच्या फोल्डरमध्ये टाकली आणि उघडली ती एप्रिलमध्ये. तुम्ही असं काही घेतलं असेल आणि दिवस उरले असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी ती पॉलिसी काढा.

नोव्हेंबरात भत्ता कधीच संपलेला होता. हातात उरलेल्या सहा हजारांतून घराचे हप्ते गेले, डिसेंबरात गाडीचं ट्रान्समिशन गेलं आणि ते कार्डावर टाकावं लागलं. स्वतःचे ४० हजार असताना आम्ही व्याज भरत होतो. नवरा त्या महिन्यांत फारसा बोलत नसे. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून बसलेला असायचा.

अर्जांच्या बाबतीतही सल्लागाराने नुकसान केलं. आपल्या राज्याच्या विद्यापीठात मेरिट मिळत नाही, उगाच वेळ घालवू नका, असं तो म्हणाला. मुलीने काउन्सेलरच्या आग्रहाने तिथे अर्ज केला, पण मेरिटसाठी धरतात ती तारीख निघून गेल्यावर. वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांतल्या मुलांना काउंटी कॉलेजची, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजची, ट्यूशन (शिक्षणाची फी) माफ करणारी ‘एनजे स्टार्स’ योजना आहे, मुलगी त्यात बसत होती, तिचं तर नावही त्याच्या तोंडून कधी आलं नाही. बहुतेक कॉलेजांच्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो २०११ पासून बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, घरातली माणसं भरली की आपल्यासारख्या कुटुंबाला साधारण किती भरावं लागेल, याचा अंदाज मिळतो. त्या बारा कॉलेजांचे कॅल्क्युलेटर आम्ही ऑगस्टमध्ये भरले असते, तर निम्मी नावं त्याच दिवशी खोडली असती.

मार्चअखेर निकाल आले. बारापैकी नऊ ठिकाणी नकार, दोन ठिकाणी वेटलिस्ट. बाराव्या, एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला आणि वर्षाला २२ हजारांची स्कॉलरशिप. पत्र जाड कागदावर, सोनेरी शिक्का. पहिले दोन तास आम्ही खूश होतो. मग एकूण खर्च पाहिला: वर्षाला ७१ हजार. २२ वजा केले तरी ४९ हजार उरतात. मुलीच्या नावावर पहिल्या वर्षी सरकारी कर्ज मिळतं ५,५०० डॉलर. बाकीचे कुठून आणायचे? त्या कॉलेजचा कॉमन डेटा सेट काढला, तर बहुतेक सगळ्यांना प्रवेश आणि बहुतेक सगळ्यांना काही ना काही स्कॉलरशिप. इथल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या छापील ट्यूशनवर सरासरी निम्म्याहून जास्त सूट दिली जाते. तिला बक्षीस म्हणून जे मिळालं होतं, ती छापील किमतीवरची रोजची सूट होती. हे मुलीला समजावून सांगणं मला फार जड गेलं. ती एवढंच म्हणाली, ‘आई, म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच ना.’

मी त्याला फोन करून हमीचे पैसे मागितले. तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘ताई, प्रवेश मिळाला, स्कॉलरशिप मिळाली. करार वाचा.’ करार वाचला. एक प्रवेश आणि कितीही रकमेची एक स्कॉलरशिप मिळाली की हमी पूर्ण झाली, असंच लिहिलेलं होतं. बारावं नाव यादीत का होतं, ते मला त्या क्षणी कळलं. स्कॉलरशिपची हमी किंवा पैसे परत, ही भाषा दिसली की सावध व्हा, असं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, कितीतरी वर्षं सांगत आली आहे. कुठल्याही कॉलेजचा प्रवेश बाहेरच्या माणसाच्या हातात नसतो, मग हमी कसली देणार?

या सगळ्यात आमच्या उपयोगाची जी एक गोष्ट होती, ती काउन्सेलरने दहा मिनिटांत सांगितली. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतो. आमच्या अर्जात २०२३ चं, नोकरी असतानाचं उत्पन्न गेलं होतं, १ लाख ४२ हजार. त्यावर आमचा एसएआय, म्हणजे कुटुंब किती देऊ शकेल याचा निर्देशांक, २८ हजारांच्या आसपास आला होता. नोकरी गेली असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला पत्र लिहून आत्ताच्या उत्पन्नावर फेरविचार मागता येतो. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. कायद्याने त्या कार्यालयाला तो अधिकार आहे. याला कुणाला एक डॉलरही द्यावा लागत नाही. नोकरी गेल्याचं पत्र, भत्त्याची शेवटची पावती, माझ्या पगाराच्या स्लिपा आणि एक पानाचं साधं पत्र आम्ही राज्याच्या विद्यापीठाला पाठवलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. एसएआय ४ हजारांच्या आत आला. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर असते, त्यातली साधारण निम्मी मिळाली, आणि विद्यापीठाने स्वतःची थोडी ग्रँट दिली. आठ महिने बसून त्याने आमचे पैसे ‘लपवले’, पण नोकरी गेल्याचं कुणाला कळवायचं असतं हे एकदाही सांगितलं नाही. नोकरी गेल्याचं आम्ही त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

मुलगी आता त्याच विद्यापीठात जाते, घरून ये-जा करते. कार्डावर भरलेल्या फीबद्दल बँकेकडे तक्रार केली आणि १,२०० डॉलर परत आले. ‘झेल’ने गेलेले गेले, आपण स्वतः पाठवलेले पैसे तिथून सहसा परत येत नाहीत. फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली. राज्याच्या विमा खात्याकडेही केली. विमा कंपनीने उत्तरात आमच्याच सहीची पानं जोडली: हे दीर्घ मुदतीचं उत्पादन आहे आणि हे पैसे मला नजीकच्या काळात लागणार नाहीत, या वाक्याखाली माझी सही होती. ती सही करताना तो शेजारी बसून पानं पुढे सरकवत होता.

पॉलिसी आम्ही मोडली नाही. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी १० टक्के बिनदंड काढता येतात, ते मुलीच्या बससाठी आणि पुस्तकांसाठी वापरायचे ठरवलं आहे. बाकीचे पूर्ण मोकळे होतील २०३४ मध्ये. धाकटा तेव्हा कॉलेज संपवून बाहेर पडत असेल.