दहा महिने, दोन चॅनेल आणि एक चिकटपट्टी: शिकाऊ डीजे कंट्रोलर वापरून

गाणी एकमेकांत मिसळायचा डीजे कंट्रोलर घेतला तेव्हा मला डीजे व्हायचं नव्हतं, आजही नाही. मी हाऊसवर, म्हणजे क्लबमधल्या एकसारख्या ठेक्याच्या संगीतावर, नाचणारी बाई. क्लबमध्ये वर्षानुवर्षं स्पीकरच्या डाव्या अंगाला उभी राहून नाचत आले आणि एका गाण्याचं दुसरं नेमकं कधी झालं, ते कधीच पकडता आलं नाही. ते कुतूहल शमवायला लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा दोन चॅनेलचा, म्हणजे एकदम दोन गाणी चालवता येणारा, साधा कंट्रोलर घेतला. दहा महिने झाले, आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी त्याच्यावर जातात. कंपनीचं नाव घालत नाही, कारण पुढे थोडी चिडचिड आहे.

पहिल्या दिवशी दोन गाणी चढवली, दोघांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबलं, आवाजाची सरकपट्टी म्हणजे फेडर सरकवला आणि दोन्ही किक, म्हणजे ड्रमचे 'धप', एकमेकींवर चपखल बसल्या. वीस मिनिटांत काम फत्ते! हा आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी लक्षात आलं की माझे कान रिकामे बसलेत. पडद्यावरच्या दोन रंगीत लाटा एकाखाली एक आल्या की नाही, तेवढंच मी बघतेय. मग सिंकच्या बटणावर आणि पडद्यावर जिथे बीपीएमचे (मिनिटाला किती मात्रा) आकडे दिसतात तिथे चिकटपट्टी मारली. माझा खरा वापर त्या दिवशी सुरू झाला असं धरा.

हाऊस साधारण 120 ते 128 बीपीएममध्ये चालतं, प्रत्येक मात्रेवर किक. एक गाणं 124 वर आणि दुसरं 124.5 वर असेल तर कागदावर फरक काहीच नाही. पण मिनिटभरात दुसरं अर्धी मात्रा पुढे जातं, म्हणजे बरोबर दोन किकच्या मधोमध त्याची किक पडते. त्याच्या कितीतरी आधी 'धप'चं 'ध-डप' झालेलं असतं. माझा धाकटा भाऊ शेजारच्या खोलीतून ओरडायचा, "ताई, तुझा घोडा लंगडतोय!" त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण निदान अचूक.

लंगडतंय हे ऐकू येतंच. अवघड असतं ते कोणतं गाणं पुढे पळतंय हे ओळखणं. हेडफोन एका कानावर, दुसरा कान खोलीतल्या स्पीकरकडे, आणि डोकं मध्ये लोंबकळत. मी किक ऐकत होते तोवर काही जमलं नाही. टाळीकडे आणि हाय-हॅटकडे (ड्रमच्या झांजेकडे) लक्ष द्यायला लागले तेव्हा सुटलं, कारण त्यांचा आवाज आखूड आणि टोकदार असतो, मागेपुढे झालेलं लगेच टोचतं. गाणं बोटाने किंचित पुढेमागे करायची चकती, म्हणजे जॉग व्हील, पुन्हा पुन्हा पुढेच ढकलावं लागत असेल तर गाणं संथ आहे, पिच (वेग) वाढवा. एवढं एक वाक्य अंगात भिनायला मला सहा आठवडे लागले.

आता यंत्राबद्दल. पिचची पट्टी जेमतेम सहा सेंटिमीटरची आहे. अधिक-उणे दहा टक्क्यांची कक्षा ठेवली तर 124 च्या गाण्यावर एक मिलिमीटर म्हणजे 0.4 बीपीएम. बोट नुसतं शिंकलं तरी चुकतं. सेटिंगमध्ये जाऊन ती सहा टक्क्यांवर आणा, एका मिलिमीटरला पाव बीपीएम पडतो, जगता येतं. 1979 च्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 या डीजे लोकांच्या टर्नटेबलवर लांब पट्टी आणि अधिक-उणे आठच टक्के का ठेवले होते, ते ही कसरत केल्यावर पटतं.

सहाव्या महिन्यात हेडफोनमध्ये डाव्या कानाला आवाज येईना. दुरुस्ती केंद्राने यंत्र तीन आठवडे ठेवून घेतलं आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत पाठवलं. भावाने खोललं तर हेडफोनच्या सॉकेटचा एक सांधा सुटला होता. त्याने डाख दिला, अजून चालतंय. जॉग व्हील, फेडर, बटणं ठणठणीत. हेडफोनला मिळणारा आवाज मुळातच कमी, तो कमीच राहणार.

ईक्यू, म्हणजे बाससारखे आवाजाचे थर वेगवेगळे कमीजास्त करायची बटणं, मात्र उत्तम. बासचं बटण तळाला नेलं की बास खरोखर शून्य होतो, आणि हाऊसला हेच लागतं. दोन बासलाइन एकदम वाजल्या की नुसता चिखल. येणाऱ्या गाण्याचा बास कापून ठेवायचा, 32 मात्रांचा टप्पा मोजायचा आणि समेवर एका हाताने जुना बास खाली, दुसऱ्याने नवा वर. हे पहिल्यांदा नीट जमलं त्या रात्री भाऊ दारात येऊन म्हणाला, "अजून तेच गाणं चालू आहे?" तोवर तिसरं लागलं होतं.

जुनी डिस्को लावलीत तर सिंकची गंमत बघा. तिथे ड्रमवर माणूस बसलेला असतो. कोरस आला की तो सुटतो, मग सावरतो. सॉफ्टवेअर मात्रांसाठी समान अंतरावर आखतं त्या सरळ रेषा त्याच्यापुढे घसरतात. शिकागोच्या वेअरहाऊस या क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स 1977 पासून असल्याच रेकॉर्ड जोडत होता, हाताने. रोलँडचं टीआर-909 हे ड्रम मशीन आलं 1983 मध्ये, आणि असली यंत्रं रेकॉर्डच्या खाली वाजवायला लागल्यावर ठेका न ढळणारा झाला. हाऊसचा तो हट्टी, सपाट धप मला पूर्वी नुसती शैली वाटायची. चार मिनिटं जॉग व्हीलवरून बोट न उचलता एक डिस्को गाणं सांभाळल्यावर त्यात डीजेची किती सोय आहे ते कळलं.

एक तोटा कोणी आधी सांगत नाही. क्लबमध्ये आता पहिला तासभर मला नाचताच येत नाही. टप्पे मोजत बसते, बास कधी बदलला ते पकडते, आणि कोणाचा घोडा लंगडला की आतून हलकट आनंद होतो. एकदा मोठ्या गर्दीत डीजेचा मिक्स तीन-चार सेकंद चांगलाच सुटला. मी थबकले, आजूबाजूला पाहिलं. माझ्याखेरीज कोणाचाही पाय थांबला नव्हता.

म्हणून 'तो सिंक वापरतो' ही कुजबूज मला आता बालिश वाटते. क्लबात डीजे गाणी लावतात त्या सीडीजे प्लेअरवर सिंक 2012 पासून आहे. न्यूयॉर्कला 1970 मध्ये द लॉफ्ट नावाच्या नाच-पार्ट्या सुरू करणाऱ्या डेव्हिड मँकुसोने तर पुढे मिक्सिंगच सोडलं, गाणी पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत अख्खी वाजवली, आणि लोक नाचलेच. मला जास्त खटकतं ते सगळ्या गर्दीने डीजेकडे तोंड करून फोन वर धरणं. तिथे बघायला आहे काय? वाकलेलं डोकं आणि एका कानावरचा हेडफोन. गेले दहा महिने मी घरी तशीच दिसतेय.

घ्यावा का? नाचण्यातच सुख असेल तर घेऊ नका, खरंच. माझ्यासारखी खाज असेल तर घ्या, आणि चिकटपट्टीही घ्या. चार चॅनेलचा घ्यायचं माझ्या डोक्यात होतं, तूर्त पुढे ढकललंय. एक डिस्को रेकॉर्ड आहे, दुसऱ्या कोरसला तिचा ड्रमर हमखास पळतो, आणि तिथे माझा घोडा अजून लंगडतो.